वरची बोली

सुवर्णानं फाटकाची कडी पुन्हा वाजवली. आतून कुत्रं भुंकलं, पण माणूस कुणी आलं नाही.

"जाऊ दे गं," मागं मोटारसायकलवर बसलेला तिचा नवरा संपत म्हणाला. "असल्याच्या दारात उभं राहून काय मिळणार हाय?"

"मला त्याचं तोंड बघायचं हाय."

निमोण्यापासून वरवंडपर्यंत ती हेच म्हणत आली होती. शेळीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं आपल्या बोकडाचा लिलाव लावला होता. आई दगावल्यावर बाटलीनं दूध पाजून वाढवलेला बोकड. बोली बावीस हजारांवर गेली आणि वरवंडच्या इंद्रजीतनं 'घेतला' म्हणून लिहिलं. त्याला आठवडा झाला. ना पैसे, ना माणूस. फोन केला तर उचलत नव्हता. बाकीची गिऱ्हाइकं काष्टीच्या बाजारातून दुसरी जनावरं घेऊन मोकळी झाली होती. मागं आणखी एकानं असंच केलं होतं. फुकटची बोली लावणाऱ्या या जातीची तिला शिसारी आली होती. जेवायला बसलं तरी तोच विषय. संपतही घासागणिक इंद्रजीतला शिव्या घालायचा, तिच्यापेक्षा एक जास्तच.

फाटक उघडलं. खांद्यावर टॉवेल टाकलेला, तिशीतला माणूस समोर आला.

"इंद्रजीत तुम्हीच ना? मी निमोण्याची सुवर्णा. बोकडवाली."

त्याचा चेहरा पडला. "आत या वहिनी. च्या घ्या."

"च्या प्यायला आले न्हाई. घ्यायचा नव्हता तर बोली कशाला लावली? आजच ग्रुपवर तुमचं नाव टाकते, फोटोसकट."

इंद्रजीतनं तिच्या खांद्यावरून मोटारसायकलकडं पाहिलं.

"टाका. पण मग सगळंच टाका. सोळा हजारांनंतर माझ्यापुढं एकच नंबर राहिला होता. मी वाढवलं की तो वाढवायचा. मीबी ईर्ष्येला पेटलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपल्याला झेपायचं न्हाई, त्यालाच विचारावं घेतो का. फोन लावला, तर मागनं बाईचा आवाज, 'अहो, शेरडांना पाला टाका.' आवाज तुमचा. तुमच्याशी आदल्याच दिवशी बोललो होतो मी."

"माझा?" सुवर्णा म्हणाली.

"तुमच्या मालकांनी लई विनवण्या केल्या. म्हणले, बोली सोडा, पण घरात कळू देऊ नका. मग तुमचा फोन उचलून काय सांगणार होतो मी?"

तिनं वळून पाहिलं. संपत अंगठ्यानं आरसा पुसत होता.

"सोळाला आत्ता घेतो," इंद्रजीत म्हणाला.

"तुम्हाला द्यायचा न्हाई. 'घेतला' म्हणून तुम्हीच लिहिलं ना? मी येड्यावानी फोन करत बसले. नंबर कुणाचाबी असू दे, जमत न्हाई एवढं सांगायला काय झालं होतं?"

ती फाटकापासून मागं फिरून मोटारसायकलजवळ आली.

"सगळेच करत्यात गं," संपत हळूच म्हणाला. "त्याबिगर भाव चढत न्हाई. तुझ्यासाठीच केलं ना."

ती त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. आठवडाभर तिच्या बरोबरीनं शिव्या घालणारं तोंड.

"बस," गाडी चालू करून तो म्हणाला.

ती बसली नाही. हायवेवरच्या येष्टीच्या थांब्याकडं चालू लागली. संपत पायानं रेटा देत, गाडी हळूहळू तिच्या बाजूनं चालवत राहिला.

"लोक बघत्यात, सुवर्णा. बस ना."

एका बंद दुकानाच्या सावलीत ती थांबली. फोन काढून सावकाश, एकेक अक्षर बघत तिनं लिहिलं : 'बोकडाचा लिलाव रद्द. शेवटपर्यंत चढवत होता तो नंबर आमच्याच घरचा. सुवर्णा, निमोणे.'

पुन्हा एकदा वाचलं आणि पाठवलं.

संपतच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला. पाठोपाठ पँटच्या खिशातला दुसरा.