बायडाबाईंची तब्येत

राजनंदिनी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत फुप्फुसाच्या रुग्णांना दर महिन्याला फोन करायची. दम किती लागतो, खोकला कसा आहे, झोप येते का, असं विचारायचं आणि समोरचा सांगेल तेच संगणकात भरायचं. आपल्या मनाचं काही घालायचं नाही, हा तिथला नियम. बहुतेकांची गाडी उताराला लागलेली असायची, त्यामुळे फोन ठेवला की तिला उगीचच थकल्यासारखं व्हायचं. वाघोलीच्या बायडाबाईंचा फोन तेवढा त्याला अपवाद होता.

पहिल्या वेळी बाई स्वतः बोलल्या होत्या. नंतर मात्र फोन उचलायचे त्यांचे यजमान, गेनबा. बायकोला आता ऐकू कमी येतं, म्हणून तेच विचारून सांगायचे. पावसाळ्यात म्हणाले, आता उशीला टेकून बसायला लागत नाही. गणपतीत म्हणाले, आरतीला उभी राहिली. दिवाळीत तर म्हणाले, चकल्या तिनंच पाडल्या. बोलता बोलता मधेच त्यांचा आवाज लांब जायचा आणि खोकल्याची उबळ ऐकू यायची. खोल, कोरडी, आतून काहीतरी खरवडल्यासारखी. मग गेनबांचा आवाज यायचा, "आगं, पाणी पी." राजनंदिनीला वाटायचं, खोकला आहे खरा, पण माणूस किती जपतोय.

विजयमालाबाई या अभ्यासाच्या प्रमुख होत्या. त्यांनी एके दिवशी तिला बोलावलं. आतापर्यंतची माहिती समोर होती. "या आजारात माणूस सुधारत नाही," त्या म्हणाल्या. "या बाई चकल्या पाडतायत. एक तर निदान चुकलंय, नाही तर पत्ता. जाऊन बघून या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाघोलीला गेली. उंच उंच इमारतींच्या मधे गेनबांचं दोन खोल्यांचं घर तेवढं उरलं होतं. त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. बायडाबाई कुठे आहेत, असं तिनं विचारलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. फोटोला हार होता, आणि तो नवा नव्हता.

बाई उन्हाळ्यातच गेल्या होत्या.

राजनंदिनीच्या हातातला पेला तसाच राहिला. पावसाळा, गणपती, दिवाळी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला रागही आला, पण समोरचा म्हातारा आता काही लपवत नव्हता.

"तुमी इचारायच्या, कशी हाय म्हनून," गेनबा म्हणाले. "दुसरं कुनी इचारत न्हवतं. गेली म्हनून सांगितलं आसतं, तर तुमीबी इचारायचं सोडलं आसतं."

मग ते हळूहळू बोलू लागले. पूर्वी मागच्या शेतात खडी फोडायचं क्रशर होतं. जमीन त्यांचीच, आणि मशीनवरही तेच उभे राहायचे. संध्याकाळी घरी यायचे ते पिठात बुडवून काढल्यासारखे पांढरे. बायडाबाई दारातच त्यांचा सदरा काढून घ्यायच्या आणि उंबऱ्यावर जोरजोरात झटकायच्या. पोरांच्या अंगावर धूळ नको, म्हणून तोंड बाहेरच्या बाजूला करून. पहिल्या फोनवर राजनंदिनीनंच बायडाबाईंना विचारलं होतं, कधी धुळीत काम केलंय का. बाई सरळ म्हणाल्या होत्या, न्हाई बाई, मी घरातच आसते.

"धूळ आनली म्या," गेनबा म्हणाले, "खाल्ली तिनं."

बाहेर कुठेतरी काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. मग त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"पर ती गेली न्हाई. आतल्या खोलीत आसती. तसाच खोकला येतो. फोनवर तुमालाबी ऐकू आला आसंल?"

राजनंदिनीच्या अंगावर काटा आला. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. उन्हाळ्यात गेलेल्या बाईचा खोकला तिनं दिवाळीत स्वतःच्या कानांनी ऐकला होता. "आला," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. ते आणखी काही सांगणार, तेवढ्यात त्यांची मान खाली गेली, खांदे गदगदा हलले आणि तोच खोकला आला. खोल, कोरडा, खरवडणारा. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला होता. उबळ ओसरली तसे ते वळले आणि आतल्या खोलीकडे बघत मायेनं म्हणाले, "आगं, पाणी पी."

मग राजनंदिनीकडे पाहिलं. "ऐकलं?"

आतली खोली दारातून दिसत होती. घडी घातलेली वाकळ, रिकामा पलंग. तिनं आपल्या हातातला पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो निमूटपणे घेतला, पण प्यायले नाहीत.

तिनं एवढंच म्हटलं, की बाबा, माझ्याबरोबर दवाखान्यात चला. बायडाबाईंच्या आजाराची अर्धवट राहिलेली माहिती पुरी करायची आहे. बायकोचं नाव निघालं म्हणून ते आले.

डॉक्टर इंद्रजीत यांनी गेनबांचा एक्स-रे उजेडावर धरला. दोन्ही फुप्फुसांत खडीच्या धुळीसारखे पांढरे ठिपके विखुरले होते. खोकला किती दिवसांचा, असं त्यांनी विचारलं. गेनबा म्हणाले, मला न्हाई, तिला हाय. राजनंदिनीनं सगळं आधीच सांगितलं होतं; डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्टेथोस्कोपच्या नळ्या गेनबांच्याच कानांत अडकवल्या, दुसरं टोक त्यांच्या छातीवर ठेवलं आणि खोकायला सांगितलं.

गेनबा खोकले. पुन्हा खोकले. मग बराच वेळ डोळे मिटून नुसते ऐकत राहिले.

डॉक्टरांनी औषधं सांगितली. झालेलं भरून येणार नाही, पण वाढणं लांबवता येईल, आणि धुळीत अजिबात जायचं नाही. गेनबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. कितपत ऐकत होते, कोण जाणे.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. नगर रस्त्यावर गाडी अडकली. त्यांना उबळ आली, पुढची दोन माणसं वळून बघू लागली. या वेळी गेनबांनी कुणाला पाणी पी म्हटलं नाही. हात छातीवरच ठेवला.

"मंग ती गेलीच म्हनायची," ते म्हणाले.

राजनंदिनीनं त्यांचा दुसरा हात हातात घेतला. वाघोली येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.