बालाजीचा आकडा

बालाजीला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या दुपारी तो बुद्धिबळ खेळत होता. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. रागिणीच्या मोबाइलवर भावाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागलेला होता, आणि माणूस खेळायला बसल्याशिवाय तो ठिपका लागत नाही.

हिंगोलीतल्या भाड्याच्या खोलीत ती ताडकन उठून बसली. बालाजी तिचा थोरला भाऊ. पुसेगावच्या मेंढपाळाचं पोरगं, पण ऑनलाइन पटावर त्याचं रेटिंग, डाव जिंकला की चढणारं आणि हरला की उतरणारं, दोन हजार एकशे चार! नांदेड-परभणीचे क्लासवाले खेळाडू त्याच्याशी डाव लावताना दहादा विचार करत. एका स्पर्धेहून परतताना ट्रकने त्याला उडवलं आणि मागे राहिला हा आकडा. फोटोला हार घालण्यापेक्षा रागिणी रोज तो उघडून बघायची. भावाने स्वतः कमावलेलं, आता कुणी हलवू शकणार नाही असं तेवढंच उरलं होतं.

आज तिथे दोन हजार एक्क्याऐंशी दिसत होते.

तिने घरी फोन लावला. "माय, बालाजीचा मोबाइल कुटं हाय?"

"ट्रंकेत, त्याच्या कपड्यायखाली," आई म्हणाली. "काहून?"

"बघ बरं जरा."

ट्रंकेचं झाकण वाजलं. मग कपडे उपसल्याचा आवाज आला. "न्हाई इथं," आई पुटपुटली. "बाई, परवा सपनात आला होता तो. जेवायला मागून राहिला होता." असल्या गोष्टींवर रागिणीचा काडीचा विश्वास नव्हता. तरी भर दुपारी तिने खोलीचं दार सताड उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आकडा आणखी उतरला. आता भीतीपेक्षा संताप मोठा झाला. कुणीतरी मोबाइल चोरून तिच्या भावाची कमाई उधळत होतं. तिने अनोळखी नावाने नवं खातं काढलं आणि हिरवा ठिपका दिसताच डाव मागितला. समोरून लगेच होकार आला. खरं तर मनातून तिला चोर नकोच होता. समोर बालाजी असावा, असं तिला वाटत होतं.

समोरचं पहिलं प्यादं एकच घर सरकलं. दुसरंही एकच, तिसरंही. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं मिळतात, हे जणू त्याच्या गावीच नव्हतं. तिने सहज त्याचा वजीर मारला, पण त्या नादात कोपऱ्यातलं एक प्यादं निसटून शेवटच्या ओळीत पोचलं. प्याद्याच्या बदल्यात आता कोणतं मोहरं हवं, असं पटाने त्याला विचारलं असणार. जगातला कुणीही वजीर मागेल. त्याने हत्ती मागितला.

रागिणीने मोबाइल मांडीवर उलटा टाकला. तिला रडू फुटलं.

हा जुना देशी डाव होता. त्यात प्यादं एकच घर चालतं आणि ज्याच्या घरात पोचेल तेच होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. माळावर रेघा ओढून, शेळ्यांच्या लेंड्यांची प्यादी मांडून बापाने दोघा भावंडांना तो शिकवला होता. पुढे बालाजी शाळेत नवे नियम शिकला आणि म्हणाला, "बा, तुमचं बुद्धिबळ आता मोडीत निघालं." त्यानंतर तो बापाशी कधीच खेळला नाही.

सकाळच्या एसटीने ती गावी गेली ती भांडायलाच. तिचा बाप लिंबाजी माळावर मेंढरं चारत होता. बालाजीचा मोबाइल त्याच्या हातातच होता.

"बा, काहून खेळून राहिले त्याच्या नावानं? त्याचं सगळं घालवता तुमी!"

लिंबाजीने तिला शेजारी बसवलं. "पुनमचंदच्या दुकानातून बॅलन्स टाकून आणला, माय. म्हनलं, माझ्यासंगं खेळाया लाजत होता, तर खेळत होता तरी काय ते बघावं. तर कोन कोन परमुलखातलं मानूस त्याला बोलावतंय! त्यांला ठाऊकच न्हाई तो गेला म्हनून. तेवढा येळ माझं लेकरू हाय बघ." मग त्याने काळ्या पडलेल्या बोटाने पडद्यावरचं रेटिंग दाखवलं. "पर ह्यो बॅलन्स लई झपाट्यानं उतरून राहिला. म्हून दिसाला एकच डाव खेळतो. संपला की त्याला कोनी बोलावनार न्हाई ना? किती दिस पुरंल?"

भांडायला आलेली रागिणी त्याच्याजवळ सरकली. "भरता येतो, बा," ती कशीबशी म्हणाली. "आजच्याला अजून एक डाव खेळा."

ती बाभळीआड जाऊन बसली आणि स्वतःच्या खऱ्या खात्यावरून तिने भावाला डाव मागितला. मुद्दाम हरणं नियमात बसत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. बसू दे नाहीतर न बसू दे. ती दोन चालींत मात देणार होती, लिंबाजीचा राजा पुरता कोंडला होता, तेव्हा तिनेच डाव सोडून हार पत्करली.

"चढला!" पलीकडून लिंबाजी ओरडला. मेंढरं दचकून उधळली. "माय, इकडं ये पळत, बालाजी जितला!"