भामाबाईंचं जोडकार्ड

महासंघातली माणसं एकमेकांना जीव लावत, पण मतपेटी कुणाच्या हाती द्यायला तयार नसत. आंध्रातल्या अकरा गावांत शाखा असलेल्या या मराठी महासंघात फार पूर्वी एका अध्यक्षानं मतमोजणी आपल्या मेव्हण्याकडे सोपवली होती, आणि एक पेटी येता येता वाटेतच गडप झाली होती. पुढची दोन वर्षं लोक लग्नातसुद्धा एकमेकांच्या पंगतीला बसेनात. शेवटी ठरलं, की मतदानावर देखरेख करणारा माणूस कुणी नेमायचा नाही; तोही राज्यभरातल्या सभासदांनी मत देऊनच निवडायचा. त्याला मतदानप्रमुख म्हणायचे. मान मोठा, मानधन काही नाही, आणि काम असं की शहाण्यानं चार हात लांबच राहावं. त्यामुळे भगवंतराव देगलूरकर सतरा वर्षं बिनविरोध निवडून येत होते.

१९९७ साली पहिल्यांदा त्यांच्याविरुद्ध कुणीतरी उभं राहिलं.

भगवंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, आंध्रच्या राजधानीत तारनाक्याला दोन खोल्यांत एकटे राहणारे. मुलगी नीलिमा मुंबईला. ती दर रविवारी फोन करायची, जेवलात का विचारायची, ते हो म्हणायचे, आणि मग दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. बाकी आठवडाभर दाराची कडी वाजवणारा एकच, पोस्टमन. तोही यायचा तो जोडकार्डांमुळे.

मतदारयादी खरी राहावी म्हणून भगवंतराव दरवर्षी प्रत्येक सभासदाला जोडकार्ड धाडत. एका अर्ध्यावर त्यांचे प्रश्न असत: आपण हयात आहात का, पत्ता तोच आहे का, घरात आणखी सभासद कोण? दुसरा अर्धा फाडून त्यावर उत्तर लिहायचं आणि पोस्टाच्या पेटीत टाकायचं. पण नुसतं 'होय' लिहून थांबतील तर ती मराठी माणसं कसली? वरंगळच्या एक बाई सुनेची गाऱ्हाणी लिहीत. आदिलाबादचे एक मास्तर तीन वर्षं आपल्या मोतीबिंदूची हकिकत कळवत होते. अशी पाचशेवर कार्डं येत. भगवंतराव रोज चारच वाचत, पुरवून पुरवून. पद गेलं तर कार्डं जाणार, आणि कार्डं गेली तर आपल्या दाराशी कुणी येणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्याची त्यांना भीती वाटत होती, आणि या वयात अशा गोष्टीची भीती वाटते याची लाजही वाटत होती.

विरुद्ध उभा होता तो प्रशांत, त्याच शहरात मलकपेठेत जन्मलेला आणि नुकताच एका कंप्यूटर कंपनीत लागलेला. उमेदवाराला यादीची प्रत मिळते, म्हणून तो एका सकाळी तारनाक्याला आला. भगवंतरावांनी ज्याचा राग राग करायचं ठरवलं होतं तो वाकून पाया पडला, तेव्हा त्यांची पंचाईत झाली.

"काका, हे कार्डं-बिर्डं कायकू करत बसता?" टेबलावरचा गठ्ठा बघून तो म्हणाला. "सगळी नावं कंप्यूटरात टाकली की झालं. फोन लावायचा, हाय का नाही विचारायचं, बस."

"ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं काय?"

"येतोय की आता सगळ्यांकडं. दोन वरसं थांबा तुमी."

त्यानं यादी चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं. "भामा भगवंतराव देगलूरकर. काकू पण मेंबर हैत? मग त्यांना भेटूनच जातो. एक वोट तर मागतो."

"झोपलीये ती," भगवंतराव म्हणाले.

"अच्छा, नक्को उठवू मग," असं म्हणून प्रशांत दबक्या पावलांनी बाहेर पडला.

भामाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. त्या वर्षी यादी करताना भगवंतरावांनी लाल पेन्सिल हातात घेतली, पण ती रेघ काही त्यांच्या हातून ओढवेना. रेशनकार्डावरचं नाव गेलं होतं, बँकेतलं गेलं होतं. एवढ्या राज्यात तिचं नाव आता या एका कागदावर राहिलं होतं. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि नियम म्हणून तिलाही कार्ड टाकलं. दोन दिवसांनी पोस्टमननं ते आणून दिलं. संध्याकाळी त्यांनी उत्तराच्या अर्ध्यावर 'हयात: होय' असं लिहिलं. एका माजी अध्यक्षाची मतपत्रिका सही नाही म्हणून बाद करणारा हा माणूस! तिचं मत त्यांनी कधी टाकलं नाही, तेवढी लाज राखली. पण नाव राहिलं. दरवर्षी यादीवाचनाला ते नाव येई आणि पुढे जाई. कुणाच्या लक्षात येत नाही, असं त्यांना वाटायचं.

यादीवाचन शहरातल्या कोठी भागात, एका पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर होतं. राज्यभरातून शाखांची माणसं आली होती. ही निवडणूक मतदानप्रमुखाचीच, त्यामुळे देखरेखीला सर्वांत वडीलधाऱ्या सत्यवतीबाई बसल्या होत्या. नियम असा, की विरोधी उमेदवार असला तर यादी त्यानं वाचायची आणि ज्याची हरकत असेल त्यानं हात वर करायचा. प्रशांतनं कंप्यूटरवर छापून आणलेले कागद उघडले. बोलायला तरबेज असलेला तो पोरगा मराठी वाचताना मात्र ठेचकाळत होता, आणि मागच्या रांगेतले लोक गालात हसत होते.

"भामा भगवंतराव देगलूरकर," त्यानं वाचलं. मग मान वर करून आपुलकीनं विचारलं, "काका, काकूंची तब्येत बरी हाय ना? त्या दिवशी झोपल्या होत्या."

हसणं थांबलं. सत्यवतीबाईंनी नजर खाली घातली. वरंगळच्या बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. पहिल्या रांगेत निजामाबादचे केशवराव बसले होते. भामाबाईंना त्यांनी स्वतः खांदा दिला होता. ते घसा खाकरून म्हणाले, "बऱ्या हैत त्या. तू पुढं वाच."

भगवंतरावांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. चार वर्षं त्या नावापाशी ही सारी माणसं श्वास रोखून बसत होती आणि कुणी हात वर करत नव्हतं. एकमेकांच्या हाती मतपेटीसुद्धा न देणारी ही माणसं त्यांच्यासाठी खोटं बोलत होती.

त्यांनी हात वर केला.

"हरकत," ते म्हणाले. "ही बाई हयात नाही."

"भगवंतराव, बसा तुम्ही," सत्यवतीबाई हळूच म्हणाल्या.

"लिहून घ्या, बाई. नाव मीच ठेवलं होतं."

कुणी त्यांना बोल लावला नाही, आणि तेच त्यांना जड गेलं. प्रशांतचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्या हातून कागद घेऊन भगवंतरावांनी स्वतः रेघ मारली. त्यांना उमेदवारीही मागे घ्यायची होती, पण मतपत्रिका आधीच छापून झाल्या होत्या, म्हणून मतदान झालं. प्रशांत निवडून आला. तरी भगवंतरावांना एकशे बेचाळीस मतं पडली. त्यांत त्यांचं स्वतःचं नव्हतं. ते त्यांनी प्रशांतला दिलं होतं.

मग कार्डं थांबली. पोस्टमन समोरच्या घरी यायचा, हात करायचा आणि निघून जायचा. भगवंतराव त्याची वेळ झाली की उगीचच दाराशी उभे राहायचे. अडीच महिने असे गेले.

मार्चमध्ये एका दुपारी कडी वाजली. जोडकार्ड होतं. पत्ता कंप्यूटरवर छापून चिकटवलेला, आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरात दोन ओळी होत्या: "काका, फोनवर कोणी काहीच सांगत नाही. नुसतं जिंदा हाय म्हणतात आणि ठेवतात. म्हणून कार्डंच सुरू ठेवतो. उत्तर लिहा. प्रशांत."

सतरा वर्षांत हजारो कार्डं धाडणाऱ्या भगवंतरावांनी स्वतःला कधी एकही टाकलं नव्हतं. प्रश्न तेच होते, त्यांनीच घडवलेले. ते टेबलाशी बसले. हयात: होय. पत्ता: तोच. घरातील इतर सभासद, या प्रश्नाशी मात्र पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, "कोणी नाही. भामा ९ मार्चला गेली, त्याला परवा पाच वर्षं होतील. ती असती तर त्या दिवशी तुला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नसतं. तिला..."

इथे जागा संपली. भगवंतराव उठले, पायांत चपला सरकवल्या आणि पोस्टातून आणखी एक कार्ड आणायला निघाले.