गोबनेटची सून

दांडा वर-खाली करून नाब्लाचे दंड भरून आले, तरी पिंपातल्या सायीचा नुसता फेस होत होता. लोण्याचा कण दिसेना. तिने झाकण उचलून पाहिलं, पुन्हा बसवलं आणि पिंप चुलीच्या आणखी जवळ ओढलं.

लग्न जमवणाऱ्याने सांगितलं होतं, "लोणी काढण्यात पोरीचा हात धरणारं कुणी नाही." तेव्हा तिचा बाप खाली बघत राहिला होता. समुद्रकाठच्या त्यांच्या खोपटात मासे होते, बटाटे होते; गाय कधीच नव्हती. आणि आज सासूने सगळी साठवलेली साय तिच्या हवाली केली होती.

गोबनेट विहिरीवरून बादली घेऊन आत आली. लोणी निघत असलेल्या घरात पाऊल टाकणाऱ्याने दांड्याला हात लावायचाच, तसा तिने लावला आणि ती थबकली.

"विस्तवाजवळ कुणी ठेवलं हे?"

"मीच, आई."

"तुमच्याकडे गाय होती का गं?"

"नाही. शेळीसुद्धा नव्हती."

म्हातारीने पिंप दाराच्या गारव्यात सरकवलं, तांब्याभर थंड पाणी आत ओतलं.

"आता सावकाश. आवाज जड झाला की थांब."

बऱ्याच वेळाने आवाज जड झाला. झाकणाखाली पिवळे दाणे तरंगत होते. नाब्ला भिंतीला टेकून खालीच बसली.

दुपारी डोनका शेतातून आला. टोपलीतला वाफाळता बटाटा नखाने सोलत त्याने ताकाचा घोट घेतला.

"झकास झालंय. लोणी कुणी काढलं?"

"तुझ्या बायकोनं. आणखी कोण काढणार?"

तो गेल्यावर नाब्ला हळूच म्हणाली, "तुम्ही यांना सांगितलं नाहीत."

गोबनेट बोटांची सुजलेली पेरं चोळत होती. "काय सांगायचं? सगळं येणारी सून येणार म्हणून माझी झोप उडाली होती. मग मी कुठल्या कोपऱ्यात बसायचं?" तिने शेवटच्या बटाट्यावर लोणी घालून तो सुनेपुढे सरकवला. "खा. संध्याकाळी ओटची भाकरी दाखवते. ती तरी येते का?"

स्वतःची आई वारल्यापासून नाब्लाच बापाला रोज ओटची भाकरी करून घालत आली होती.

"नाही, आई," ती म्हणाली.