तोंडावरचा उजेड

माईंचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग दारावरची थाप गेली, मग स्वयंपाकघरातून लेकीने मारलेली हाक गेली. डॉक्टर म्हणाले, कानातल्या शिराच सुकल्यात, यंत्र लावलं तर गलका वाढेल, शब्द वाढणार नाहीत. तेव्हापासून माई माणसांचे ओठ बघायला लागल्या. लिहायला-वाचायला त्या नातवंडं झाल्यावर शिकल्या होत्या, त्यामुळे उशिरा शिकायची त्यांना लाज नव्हती. ओठांवरचे शब्दही त्यांनी तसेच, एकेक लावत लावत वाचायला घेतले.

दिवसा निभायचं. अडचण यायची ती संध्याकाळच्या जेवणाला. त्या लेकीकडेच राहायच्या. जेवणाच्या खोलीत ट्यूब एकच, तीही समोरच्या भिंतीवर, त्यामुळे पलीकडे बसलेली माणसं म्हणजे नुसत्या सावल्या. घरातले सगळे एकत्र यायचे ते त्याच टेबलाशी, आणि नेमकं तिथेच माईंना ना दिसे ना ऐकू येई. लोक हसले की हसायचं, गप्प झाले की पाण्याचा घोट घ्यायचा. असं किती दिवस करणार? शेवटी त्यांनी लेकीला सांगितलं, मला आताशा लवकर भूक लागते, माझं ताट खोलीतच देत जा.

लेक आधी चिडली, मग रडकुंडीला आली. जावयांनी वर छताकडे पाहिलं. ते वायरमन होते, उभा जन्म शिडीवर गेलेला, बोलणं मोजकंच. त्यांनी ओळखीच्या माणसाकडून त्या खोलीला जिप्सम बोर्डाचं छत मारून घेतलं आणि दिव्यांचं काम स्वतःच्या हातात ठेवलं. प्रत्येक खुर्चीच्या बरोबर वर छतात बसणारा एकेक गोल दिवा द्यायचा, म्हणजे आईंना सगळे लख्ख दिसतील, असा त्यांचा हिशेब.

माई दारातून बघत राहिल्या. जावई बोर्डावर लोहचुंबक फिरवायचे, जिथे चिकटेल तिथे आत स्क्रू आहे, म्हणजे वर बोर्डाला धरणारा पत्र्याचा चॅनेल आहे, तिथे भोक पाडायचं नाही. मग पेन्सिलीने गोल, गोल करवतीने भोक, खाली धूळ झेलायला जुनं पातेलं. दिव्याच्या दोन्ही स्प्रिंगा बोटांनी वर दुमडून धरायच्या आणि दिवा आत सरकवायचा. आत गेल्या की त्या फटकन उघडतात आणि बोर्डाला मागून धरून ठेवतात. एकदा जावयांचं बोटच चिमटलं. ते काय म्हणाले ते माईंनी ओठांवर वाचलं आणि न वाचल्यासारखं केलं.

दिवे लागले तेव्हा नात म्हणाली, हॉटेलात आल्यासारखं वाटतंय. माई आपल्या खुर्चीवर बसल्या. समोर जावयांचं टक्कल चमकत होतं, लेकीचा भांग चमकत होता, पण भुवयांखाली खड्डे आणि नाकाची सावली सरळ ओठांवर. दिवा डोक्यावर आल्यावर दुसरं काय होणार? जावई मात्र शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखे माईंकडे बघत होते.

"छान झालं," माई म्हणाल्या. "आता काही राहिलं नाही."

जावयाच्या घरात राहायचं, त्यालाच घाम गाळायला लावायचं आणि वर त्याच्याच कामाला नावं ठेवायची, हे माईंच्या जिभेला जमणारं नव्हतं. त्या पुन्हा सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागल्या, आणि पुन्हा अंदाजाने हसू लागल्या.

थोड्या दिवसांनी एका संध्याकाळी जावई जेवताना बराच वेळ काही सांगत होते. हनुवटी हलत होती एवढंच माईंना दिसत होतं. बोलणं संपवून त्यांनी माईंकडे पाहिलं. गप्प बसणं बरं दिसणार नाही, म्हणून माई हसून म्हणाल्या, "बरं झालं हो. एकदाचं सुटलं म्हणायचं."

टेबलावरचे सगळे हात थांबले. नात उठून माईंजवळ आली, तिने आपला चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणला आणि सावकाश सांगितलं, बाबांचे जोडीदार गेले, आज सकाळी. ज्यांनी तरुणपणापासून जावयांच्या शिडीचं दुसरं टोक धरलं होतं, ते.

धरणीने पोटात घ्यावं असं माईंना झालं. घास तसाच ताटात ठेवून त्या म्हणाल्या, "मला तुमची तोंडं दिसत नाहीत. हे दिवे लागल्यापासून तर आधीपेक्षाही कमी दिसतात. तुम्ही एवढं राबलात म्हणून मी बोलले नाही. माफ करा मला, जावईबापू."

जावई उठले, वळसा घालून त्यांच्याजवळ आले आणि खाली बसले. त्यांनी तोंड वर केलं तेव्हा त्यावर उजेड पडला.

"आई, दिवे कुणासाठी लावले?"

"माझ्यासाठी."

"मग चुकलं हे तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार? गिऱ्हाईक तर पहिल्याच दिवशी बोंब मारतं."

माईंना हसूही आलं आणि रडूही.

सुट्टीच्या दिवशी जावयांनी आधी करवतीला हात लावला नाही. लांब वायरला एक दिवा जोडला आणि तो हातात घेऊन शिडीवर चढले. लेकीला तिच्या खुर्चीवर बसवलं, माईंना समोर. दिवा छताला टेकवून ते माईंकडे बघायचे आणि माई हाताने सांगायच्या, पुढे, अजून पुढे, थोडा मागे. दिवा लेकीच्या डोक्यावरून सरकत टेबलाच्या वर आला तशी नाकाची सावली आखडली आणि ओठ उजेडात आले. लेक मान खाली न घालता पुटपुटली, या माणसाने सुट्टीपण वाया घालवली.

"वाया कसली?" माई म्हणाल्या. "तू गप्प बस."

लेकीने तोंडावर हात ठेवला. जावई शिडीवर एवढे हसले की नातीने धावत जाऊन शिडी धरली.

पण नेमक्या त्या जागी लोहचुंबक चिकटला. चॅनेल कापला तर बोर्ड झोळीसारखा खाली येईल, जावयांनी सांगितलं, तो कापायचा नाही. मग ते मान वळणारे दिवे घेऊन आले, चॅनेल सोडून वीतभर बाजूला बसवले आणि त्यांची तोंडं माणसांच्या तोंडांकडे वळवली. जुन्या भोकांत मागून लाकडी पट्टी आडवी टाकून तिच्यावर बोर्डाच्या चकत्या स्क्रूने आवळल्या आणि वरून पुट्टी भरली.

एके ठिकाणी वरच्या मजल्यावरून कधीतरी पाणी मुरलं होतं. तिथे बोर्ड ओल्या बिस्किटासारखा भुगा होत होता आणि स्प्रिंगा धरेनात. हा दिवा माईंच्याच खुर्चीसमोरचा. जावयांनी तेवढा बोर्ड कापून नवा तुकडा घातला आणि त्याला मागून प्लायवूडची गोल कडी लावली. अख्खी कडी भोकातून आत जाईना, म्हणून दोन अर्ध्या करून घातली आणि खालून स्क्रू मारले. मग दिवा बसवून तो हाताने खाली ओढून पाहिला. माई म्हणाल्या, पुरे की आता. जावयांनी मान हलवली आणि पुन्हा ओढून पाहिला. खाली तुमचं ताट असणार, ते म्हणाले.

माई त्यांच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवयांकडे बघत राहिल्या. कान गेल्यापासून त्यांच्याशी ओरडून बोलणारे पुष्कळ भेटले होते. उजेड हलवून बघणारा हाच एक.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. जावयांनी वायरमनच्या सवयीने काम तपासून घेतलं. आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "दिसतंय?"

"बाकी सगळ्यांचं दिसतंय," माई म्हणाल्या. "तुमचे शब्द मात्र मिशीतून गाळून येतात."

लेक टेबलावर हात आपटून हसली. लग्न झाल्यापासून ती त्या मिशीच्या मागे लागली होती आणि त्यांनी कधी दाद दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी जावई कामावरून परतले तेव्हा मिशी वरच्या ओठाच्या पार वर गेली होती. लेक म्हणाली, माझं कुणी ऐकत नाही या घरात. माई म्हणाल्या, माझंही कुणी ऐकत नव्हतं, मी बोलतच नव्हते ना.

जेवणं आटोपत आली. माईंनी आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि जावयांना म्हणाल्या, "तुमच्या जोडीदाराचं सांगा. त्या दिवशी माझ्यामुळे राहून गेलं."

जावयांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग मान वर केली आणि उजेडात तोंड धरून सांगायला लागले. ते दोघे पहिल्यांदा कुणाकडे कामाला लागले, कोण शिडीवर चढायचं आणि कोण खाली थांबायचं, इथपासून. भांडी तशीच राहिली. माईंनी मधे एकदाही पाण्याचा पेला उचलला नाही.