पाऱ्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. माझ्या पेटीत पाऱ्याची नळी, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा आहे. कारखान्यातून आलो तेव्हा सगळे मला जपायचे. पुढे झाकणाची बिजागरी तुटली, पट्ट्याला ठिगळ लागलं आणि माझी रवानगी रुग्णालयाच्या एका कोपऱ्यात झाली.

एका दुपारी एक म्हातारे सुतारकाका कंबर धरून आले. मागून त्यांच्या पत्नी, काकू.

"कपाट एकट्याने उचलायला कुणी सांगितलं होतं?"

"कंबर धरलीय, दुसरं काही नाही. सिस्टर, शेकायची पिशवी द्या," काका म्हणाले. कपाळावर मात्र घाम होता.

सिस्टरने मला काढलं. वरचा आकडा एकशे तीस. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, तर शंभर.

"पारा अडकत असेल," तरुण डॉक्टर म्हणाले. "भंगारात काढा तो. दुसरं मशीन मागवा."

माझा जीव टांगणीला लागला. मी खरं बोलत होतो, पण माझं ऐकणार कोण?

सिस्टरने पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. एकशे वीस, रोजच्यासारखा. मग पुन्हा काकांना लावला. नव्वद! तिने त्यांचा सदरा वर केला. बेंबीच्या वर पोट नाडीसारखं उडत होतं.

"डॉक्टर, यंत्र ठीक आहे. माणूस ठीक नाही."

डॉक्टर धावत आले. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती आणि आता आतल्या आत झिरपत होती.

"पोट दाबू नका, शेकू नका, पाणीसुद्धा देऊ नका," सिस्टर म्हणाली. "काका, हलायचं नाही."

"झाकण लोंबतंय त्याचं," काका माझ्या पेटीकडे बघत पुटपुटले. "बरा झालो की बसवून देतो."

"आधी बरे व्हा," काकू म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

काकांना घेऊन ढकलगाडी शस्त्रक्रियेच्या खोलीत गेली. ते चार तास मी उघडाच पडून होतो. नंतर कित्येक दिवस मी काकांच्या दंडावर असायचो आणि सिस्टरची बोटं त्यांच्या पावलांवर. पावलं गरम आहेत, रक्त पोचतंय, एवढं कळलं की ती हुश्श करायची.

तीन महिन्यांनी काका आले. खिशात बिजागरी, मागे काकू.

"पेटी उचलायची नाही हं!"

"बरं बाई, तू धर."

मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून तिला खोटी ठरवू नका. आधी तपासून बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस "काही नाही" म्हणालं, तर तेही तपासून बघा.

माझं झाकण आता नीट लागतं. पण सिस्टर ते लावतच नाही. म्हणते, लगेच हाताशी हवा.