झोपेचं खातं

आम्रपाली मुंबईत, राज्य सरकारला धोरणांवर सल्ला देणाऱ्या संस्थेत काम करायची. रस्ते एका खात्याकडे, घरं दुसऱ्याकडे, कामगार तिसऱ्याकडे. या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडलेला प्रश्न उचलायचा आणि मुख्यमंत्र्यांपुढे नीट मांडायचा, हे त्या संस्थेचं काम. हुकूम सोडायचा अधिकार नाही. फक्त सांगायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्याजवळच्या चाकणमधल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या प्रवासाचा विषय तिच्याकडे आला. आकडे टेबलावर होतेच, तरी ती हे कामगार राहतात त्या चिखलीला आली आणि परवानगी काढून दुपारच्या शिफ्टच्या कंपनी बसमध्ये बसली.

शेजारी वर्षाली होती, लातूरकडची, वायरिंगच्या लाइनवर काम करणारी. "मॅडम, जरा डोळे मिटते हं," ती म्हणाली आणि झोपलीसुद्धा. पाहता पाहता सगळी बस झोपली. खिडक्यांच्या पडद्यांतून मधासारखा उजेड झिरपत होता. बाहेर कंटेनरची रांग लागलेली, बस चालतेय की थांबलीय तेही उमगत नव्हतं. माना एका लयीत डुलत होत्या. जणू ही सगळी माणसं संथ पाण्याखालून कुठंतरी निघाली होती. वर्षालीचं डोकं आम्रपालीच्या खांद्यावर टेकलं. पर्समधला फोन थरथरत राहिला, पण तिने हात हलवला नाही. कितीतरी दिवसांनी तिच्याही मनातले विचार विरघळून गेले होते.

कंपनीच्या गेटवर उतरल्यावर तिने फोन केला. पलीकडे तिचे वरिष्ठ, उद्धवराव.

"काय पाहिलंत?"

"सर, लोक बसमध्ये झोपतात. घरी झोप पुरत नाही त्यांना. पण झोप कुठल्याच खात्याकडे नाही."

"ज्याला खातं नाही, ते आपल्याकडेच येतं. लिहा."

तिने लिहिलं. सगळ्या बस एकदम रस्त्यावर येऊ नयेत म्हणून कंपन्यांच्या शिफ्ट सुटण्या-भरण्याच्या वेळा पुढेमागे कराव्यात, आणि कामाजवळ भाड्याची घरं व्हावीत. घरांचा मुद्दा पुढे ढकलला गेला. वेळांचा मात्र एका भागात प्रयोग म्हणून मान्य झाला.

पावसाळा सरल्यावर ती पुन्हा त्याच बसने गेली. रस्ता बराच मोकळा होता, बस सुसाट निघाली होती. वर्षाली जागी होती.

"बरं वाटतंय का आता?" आम्रपालीने विचारलं.

"लवकर पोचतो, ताई. म्हणून घरून उशिरा निघते. पण तेवढ्या वेळात सासूबाईंच्या भाकरी होतात, धुणं होतं. बसमध्ये मी कुणाचीच नसायचे. ते गेलं."

आम्रपाली तिच्याकडे वळली. "मग आधीचंच बरं होतं?"

वर्षालीने पडदा सारला. लांबवर डोंगर निळा, धुरकट तरंगत होता. "तसं न्हाई. परवा पोरीनं शाळेतली गोष्ट सांगितली. कधी नव्हं ते मी शेवटपर्यंत ऐकली. तेबी पाहिजे अन् झोपबी पाहिजे. सरकारला दोन्ही सांगता येतंय का?"

"सांगता येतं. करतील की नाही, ते माझ्या हातात नाही."

"सांगा तर," वर्षाली म्हणाली आणि कंपनीच्या गेटवर उतरून बायकांच्या घोळक्यात मिसळून गेली.

आम्रपालीने तिथूनच उद्धवरावांना सगळं सांगितलं. आपल्या सल्ल्याने एका बाईचा विसावा गेला, हेही सांगितलं.

"घरांचा मुद्दा पुन्हा घेऊ. घर कामाजवळ असेल तर झोपेलाही वेळ उरेल," ते म्हणाले. "बैठकीत तुम्हीच बोला. तिच्या शब्दांत."

फोन ठेवून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बाजाराकडून येणाऱ्या ट्रकांमागे कांद्याची पातळ, गुलाबी टरफलं उडत होती. उन्हात ती टरफलं हळूहळू वर चढत गेली आणि कुठं उतरली, ते तिला दिसलं नाही.